गाडीची चावी, तिचा कोड आणि मालकाचा हक्क : मोटार उत्पादकांना खुले पत्र

प्रति,
सर्व मोटार उत्पादक कंपन्यांचे डिझाइन, वाहनसुरक्षा आणि विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : चाव्या व रिमोट बदलणे, नव्याने प्रोग्राम करणे आणि त्यासाठी लागणारी माहिती मालकाच्या हाती देणे

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गाड्यांच्या चाव्या कापणे, चिप प्रोग्राम करणे, बंद पडलेले रिमोट दुरुस्त करणे आणि सगळ्या चाव्या हरवलेली गाडी पुन्हा सुरू करून देणे हा आमचा रोजचा व्यवसाय. तुम्ही डिझाइनच्या वेळी घेतलेला प्रत्येक लहानमोठा निर्णय काही वर्षांनी आमच्या टेबलावर येतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा गाडीचा मालक मोजतो.

आमची मुख्य मागणी सुरुवातीलाच सांगतो. गाडी विकताना तिच्या चाव्यांवरचा ताबाही मालकाला द्या. गाडीच्या मेमरीत किती चाव्या आहेत हे त्याला दिसायला हवे. हरवलेली चावी रद्द करता यायला हवी आणि स्वतःची ओळख पटवून नवी जोडता यायला हवी. आज यातले जवळजवळ काहीच त्याच्या हातात नसते. ‘चोरी होऊ नये म्हणून’ असे कारण तुमच्याकडून दिले जाते. ते का पटत नाही, हे पुढे लिहितोच. पण आधी साध्या गोष्टी घेऊ, कारण ‘चावी खराब झाली’ म्हणून येणाऱ्या पुष्कळ चाव्या खराब झालेल्याच नसतात.

गाडीची चावी म्हणजे तीन वेगळ्या वस्तू एका केसिंगमध्ये असतात. कुलूप फिरवणारे धातूचे पाते, इंजिनाला परवानगी देणारी ट्रान्सपाँडर चिप आणि दारे उघडणारा रिमोट. चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे कडे असते, ते १२५ किलोहर्ट्झच्या आसपास चुंबकीय क्षेत्र तयार करते (काही चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात). त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती उत्तर देते. रिमोटचा मार्ग निराळा. तो सेलवर चालतो आणि प्रदेशानुसार ३१५, ४३३.९२ किंवा ८६८ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो. म्हणून सेल संपला तर बटने थांबतात, पण पाते फिरवून गाडी सुरू होते. चिप हरवली तर दारे रिमोटने व्यवस्थित उघडतात आणि इंजिन मात्र घेत नाही, किंवा घेऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते. एवढा फरक मालकाच्या पुस्तिकेत अर्ध्या पानात छापला तरी कितीतरी लोकांचा पूर्ण नव्या चावीचा खर्च वाचेल.

केसिंग बदलताना काय होते ते पाहा. जुनी फोल्डिंग चावी उघडली की वरच्या अर्ध्या भागात रिमोटची पाटी (सर्किट बोर्ड) दिसते. मालक ती उचलतो, नव्या केसिंगमध्ये बसवतो, जुने केसिंग टाकून देतो. चिप मात्र अनेक मॉडेलांमध्ये त्या पाटीवर नसतेच. पात्याच्या बिजागरीजवळ प्लास्टिकमध्ये एक खाच असते, त्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी किंवा काळ्या कार्बनची वडी चिकटवलेली असते. रंगही केसिंगचाच, त्यामुळे नजरेस पडत नाही. ती जुन्या केसिंगबरोबर कचऱ्यात जाते आणि त्यानंतर गाडी सुरू होत नाही. काचेची नळी काढताना स्क्रूड्रायव्हरने दाबली तर तडा जातो, आणि तडकलेली चिप बहुधा पुन्हा वाचली जात नाही. तिथे प्लास्टिकवरच एक बाण आणि ‘चिप इथे’ एवढे शब्द उठवायला साच्यात फारसा बदल करावा लागत नाही.

सेलच्या बाबतीतही तेच. सीआर२०३२ आणि सीआर२०२५ यांचा व्यास सारखाच, २० मिलिमीटर. जाडी मात्र ३.२ आणि २.५ मिलिमीटर. पातळ सेल जाड सेलच्या जागी बसतो, पण संपर्काच्या पट्टीला नीट टेकत नाही. चावी हलली की संपर्क तुटतो आणि रिमोट ‘कधी चालतो, कधी नाही’ असा होतो. उलट, पातळ सेलच्या जागी जाड सेल दाबून बसवला की पट्टी वाकते किंवा तिचा डाग (सोल्डरचा सांधा) उखडतो. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. लेप योग्यच आहे, कारण गिळलेला बटन सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो. पण काही रिमोटमध्ये संपर्काची पट्टी नेमकी त्या लेपावर येते आणि नवा सेलही ‘मेलेला’ ठरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कड पुसली किंवा लेप नसलेला सेल घातला की काम होते. सेलचा क्रमांक केसिंगच्या आतल्या बाजूला ठळक छापा, आणि संपर्काची पट्टी सेलच्या मध्यावर येईल अशी ठेवा.

सेल नवा असूनही रिमोट चालत नसेल तर आम्ही क्रमाने पाहतो. सेलचा व्होल्टेज भाराखाली मोजतो, कारण जुना सेल नुसता मोजला तर ३ व्होल्ट दाखवतो आणि बटन दाबताच खाली घसरतो. मग सेलच्या पट्टीचे डाग भिंगाखाली बघतो. चावी पडून पडून डागाभोवती केसाएवढी गोल चीर गेलेली असते, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यानंतर बटनाखालचा छोटा स्विच. तो दाबल्याचा आवाज देतो पण आत जोडणी होत नाही. हे दोन दोष दुरुस्त करायला चांगली सोल्डरिंग, थोडा फ्लक्स आणि पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पण केसिंग चिकटवून बंद केलेले असेल तर ते कापूनच उघडावे लागते, आणि तेव्हा पाटी किंवा चिपची तार कापली जाण्याचा धोका असतो. स्क्रू किंवा खटका द्या, चिकटवू नका. पाण्यात पडलेल्या चावीचेही तसेच. सेल लगेच बाहेर काढता आला आणि पाटी अल्कोहोलने धुऊन वाळवता आली, तर ती बहुधा वाचते. सेल आतच राहिला तर विजेच्या प्रवाहाने तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात.

रिमोटच्या कोडबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. मूल खेळताना गाडीपासून दूर पुष्कळ वेळा बटन दाबले की ‘रिमोट लॉक झाला’ असे सांगितले जाते. रिमोटचा कोड दर दाबाला पुढे सरकतो. उदाहरणार्थ, कीलॉक नावाच्या सरकत्या कोडच्या पद्धतीत गाडी तिच्या शेवटच्या नोंदीच्या पुढचे १६ कोड एका दाबात मान्य करते. त्याहून पुढे गेले असेल तर सलग दोन दाब ऐकून ती पुन्हा जुळवून घेते. बऱ्याच गाड्यांत पाते किंवा चिप वापरून गाडी एकदा सुरू केली तरी जुळते. हे पुस्तिकेत असते तर लोकांना नवा रिमोट विकत घ्यायला लावले गेले नसते. असेच आणखी दोन छोटे मुद्दे आहेत. चाव्यांच्या एकाच रिंगमध्ये चिप असलेल्या दोन चाव्या असतील तर एक दुसरीच्या वाचनात अडथळा आणते. आणि १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलेला हलक्या दर्जाचा चार्जर किंवा डॅशकॅम ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात इतका गोंगाट करू शकतो की रिमोटचा पल्ला दोन पावलांवर येतो. चार्जर काढून पाहणे ही पहिली चाचणी.

बटन दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांमध्ये स्मार्ट चावीचा सेल संपला तरी गाडी सुरू करण्याची सोय तुम्ही ठेवलेली असते. चिप वाचणारे कडे कुठेतरी असतेच. कधी स्टार्ट बटनातच, कधी स्टिअरिंगच्या खांबावर, कधी कप ठेवण्याच्या खाचेत, कधी मधल्या खणाच्या तळाशी. प्रत्येक मॉडेलला जागा वेगळी. दाराचे पाते लावायचे छिद्रही हँडलच्या झाकणाखाली दडवलेले. मालकाला दोन्ही ठाऊक नसतात आणि तो अडकतो, तेव्हा पुस्तिका गाडीच्या आत बंद असते. चावीच्या मागच्या बाजूला ही जागा दाखवणारे एक चित्र कोरा. सगळ्या उत्पादकांनी मिळून कड्याची एकच जागा ठरवली तर आणखी उत्तम.

आता खरा प्रश्न, नवी चावी जोडण्याचा.

एक चालू चावी हातात असताना दुसरी जोडणे आणि सगळ्या चाव्या हरवल्यावर नवी बनवणे, या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रसंगी दार उघडता येते, इग्निशन चालू होते, पात्याचे माप समोर असते, अनेक प्रणालींत चालू चावीमुळे सुरक्षेचा निम्मा टप्पा पार होतो. काम बहुधा अर्ध्या तासात संपते. दुसऱ्या प्रसंगी आधी कुलपातून माप काढावे लागते, पाते शून्यातून कापावे लागते, गाडीची अलार्म यंत्रणा जागी असते, आणि पिन कोड (त्या गाडीचा गुप्त सुरक्षा क्रमांक) किंवा उत्पादकाच्या सर्व्हरची परवानगी मिळाल्याशिवाय इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चिपशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, कोणालाही ओळखत नाही. काही गाड्यांत १० मिनिटांचा सक्तीचा थांबा असतो, तो सलग तीन वेळा म्हणजे अर्धा तास नुसता वाट पाहण्यात जातो. तो थांबा आम्हाला मान्य आहे, घाईत असलेल्या चोराला तो खरोखर अडवतो. काही मॉडेलांत मात्र इतके करूनही मार्ग नसतो आणि इमोबिलायझरचे अख्खे युनिटच बदलायला सांगितले जाते.

जुन्या काही फियाट गाड्यांबरोबर एक लाल मास्टर चावी मिळत असे. तिच्याशिवाय नवी चावी शिकवता येत नसे आणि ती हरवली तर इंजिनाचे नियंत्रक युनिट बदलण्यापर्यंत वेळ येई. एका चावीवर सगळा भार टाकण्याची ती पद्धत मागे पडली, पण तिच्यात एक चांगली गोष्ट होती. मालकाला चावीसोबत कोड कार्डही मिळत असे. हल्ली ते कार्डही नाही आणि कोडही नाही. दुसरीकडे फोर्डच्या अनेक मॉडेलांमध्ये, विशेषतः उत्तर अमेरिकेत विकलेल्या, दोन चालू चाव्या असल्या की तिसरी कोणत्याही यंत्राविना जोडता येत असे. पहिली चावी फिरवून काही सेकंद इग्निशन चालू ठेवा, बंद करा, लगेच दुसरीने तसेच करा, मग दहा सेकंदांच्या आत कापलेली नवी चावी फिरवा. झाले. दोन अस्सल चाव्या हातात असणे हाच मालकीचा पुरावा, आणि एक चावी चोरणाऱ्याला यातून काही साधत नाही. इतकी सरळ सोय खर्च वाढवत नाही. ती नव्या मॉडेलांमधून काढून टाकण्याचे सुरक्षेचे कारण आम्हाला सापडत नाही.

हा मार्ग बंद केल्यावर लोक क्लोनिंगकडे वळतात. यात जुन्या चिपमधली ओळख नव्या चिपवर जशीच्या तशी उतरवतात, अनेकदा गाडीला हातही लावावा लागत नाही. स्वस्त आणि पटकन होणारे काम, पण गाडीच्या दृष्टीने त्या दोन चाव्या एकच असतात. त्यातली एक हरवली तर ती एकटी रद्द करता येत नाही, रद्द केली की दुसरीही मरते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगणे आमचे काम आहे. पण अधिकृत मार्ग इतका महाग आणि लांबचा ठेवायचा की लोकांनी क्लोन करूनच घ्यावे, ही परिस्थिती तुम्ही निर्माण केलेली आहे.

सगळ्या चाव्या हरवलेल्या गाडीवर काम बिघडते ते बहुधा तीन ठिकाणी. पहिले, पाते. झिजलेल्या चावीवरून यंत्राने नक्कल काढली की झीजही नकलेत येते. नकलेची नक्कल तर कुलपात अडकतेच. पात्यावरच्या खाचांच्या खोलीत एका पायरीचा फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो, त्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक झाली तरी कुलपातली पत्री पूर्ण सरकत नाही. म्हणून चावीच्या क्रमांकावरून मूळ मापाने कापणे हाच योग्य मार्ग, आणि तो क्रमांक नव्या गाडीबरोबर येणाऱ्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या बिल्ल्यावर असतो. विक्रीच्या वेळी हा बिल्ला कड्यात अडकवून देतात, कोणी समजावत नाही, आणि मालक तो चाव्यांबरोबरच बाळगतो. चाव्या हरवल्या की बिल्लाही जातो. तो वेगळ्या लिफाफ्यात, ‘चाव्यांपासून दूर ठेवा, फोटो काढून ठेवा’ असे लिहून द्या.

दुसरे, व्होल्टेज. प्रोग्रामिंग चालू असताना इग्निशन चालू, दिवे, पंखा, अनेक युनिट जागी, आणि इंजिन बंद. गाडीची बॅटरी दमलेली असेल तर लिहिता लिहिता व्होल्टेज कोसळतो आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दारे, दिवे, चाव्या सांभाळणारे युनिट) अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकते. बॅटरी १२.५ व्होल्टच्या खाली असेल तर आम्ही काम सुरूच करत नाही. स्थिर वीज देणारा सप्लाय जोडतो. साधा चार्जर चालत नाही, त्याच्या चढउतारांनीच संदेश बिघडतात. तुमच्या स्वतःच्या सेवा-सॉफ्टवेअरने व्होल्टेज कमी असताना लिहायला साफ नकार द्यायला हवा. काही देते, काही देत नाही.

तिसरे, मेमरीतून थेट वाचन. ओबीडी सॉकेटमधून (गाडीतले दोष तपासण्याचे यंत्र जोडायची जागा) पिन मिळत नाही तेव्हा युनिट उघडून ९३सी५६, २४सी०२ किंवा ९५ मालिकेतली छोटी मेमरी चिप वाचावी लागते. जाणकार माणूस डंप (मेमरीतली सगळी माहिती) दोनदा वाचतो, दोन्ही अक्षर न् अक्षर जुळतात का ते पाहतो, मूळ प्रत जपून ठेवतो आणि मगच काही लिहितो. क्लिप नीट न बसता एकदाच वाचून लिहिणाऱ्याच्या हातून गाडी कायमची मुकी होऊ शकते. असे उघडणे-खरवडणे कोणालाच नको असते. योग्य ओळख पटवून पिन मिळण्याचा सरळ रस्ता असता, तर पुष्कळ युनिट उघडावी लागली नसती.

यावर तुमचे उत्तर ठरलेले असते : माहिती दिली तर चोर ती वापरतील. आता या युक्तिवादाकडे वळतो.

इमोबिलायझरने चोऱ्या कमी होतात याबद्दल आम्हाला तीळमात्र शंका नाही. युरोपीय संघाने नव्या मोटारींना तो १९९८ मध्ये सक्तीचा केला, ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये, कॅनडाने २००७ मध्ये. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई आणि किआच्या साध्या चावीच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये तो बसवलेलाच नव्हता, आणि २०२१-२२ पासून समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ पाहून पोरांनी त्या गाड्या कशा पळवल्या ते सगळ्यांनी वाचले. पण इमोबिलायझरचे बळ गणितात असते, त्याची कृती लपवण्यात नसते. ४० बिटांच्या गुप्त संख्येवर चालणारी डीएसटी ही चावीतली चिप २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोडली. तिचे गणित गुप्त ठेवलेले होते, तेही त्यांनी शोधून काढले. ४८ बिटांची हिटॅग २ चिप २०१२ मध्ये काही मिनिटांत फोडून दाखवली गेली. मेगामोस क्रिप्टो या आणखी एका चिपवरचे संशोधन २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयातून मनाई आणून थांबवले गेले आणि ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेच. मधल्या काळात त्या चिपच्या गाड्या रस्त्यावर होत्या त्या तशाच होत्या. आणि २००५ मध्ये फुटलेली तीच ४० बिटांची पद्धत २०१८ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एसच्या चावीत पुन्हा सापडली, बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांना. १३ वर्षे कोणीतरी ती निवडत राहिले.

रिले हल्ल्याचेही तसेच. घरातल्या चावीचा संदेश दोन पेट्यांच्या मदतीने दाराशी उभ्या गाडीपर्यंत पोहोचवता येतो, हे झुरिकच्या ईटीएच संस्थेने २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा मॉडेलांवर दाखवले, दहाही उघडली. त्यावरचे उपाय माहीत आहेत : चावी काही मिनिटे स्थिर राहिली की तिला झोपवणारा हालचालीचा सेन्सर, आणि अंतर खरोखर मोजणारे अल्ट्रा-वाइडबँड तंत्र. पहिला उपाय अगदी स्वस्त आहे. तो महागड्या मॉडेलांपुरता का ठेवता?

या साऱ्यात मालकाकडे पिन कोड होता म्हणून गाडी गेली, असे एकही उदाहरण नाही. ज्या संघटित टोळ्या ओबीडीतून किंवा दिव्याच्या वायरीतून कॅन बसमध्ये (गाडीतल्या युनिटना जोडणाऱ्या संदेशवाहिनीत) शिरून गाडी नेतात, त्यांना तुमच्या गुप्ततेने अडवलेले नाही. अडवले जातात ते चाव्या हरवलेला मालक आणि कागदपत्रे तपासून काम करणारा तंत्रज्ञ.

म्हणून ओळख तपासा, पण तपासून झाल्यावर दार उघडा. अमेरिकेत नॅस्टफ या वाहनसेवा क्षेत्रातल्या संस्थेची तंत्रज्ञांसाठी नोंदणी आहे, युरोपीय संघात तशीच सर्मी योजना आहे. दोन्हींत तंत्रज्ञाची पार्श्वभूमी तपासतात आणि नोंदणी झाल्यावर सुरक्षेशी संबंधित माहितीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग देतात. कोणी, कोणत्या गाडीसाठी, कधी मागितली याची नोंद राहते. आम्हाला अशी नोंद हवी आहे. ती आमचेही रक्षण करते. आमचे म्हणणे इतकेच की सगळ्या उत्पादकांनी एकच ओळखपत्र मान्य करावे, प्रत्येकाचे वेगळे यंत्र, वेगळे सॉफ्टवेअर आणि वेगळी वार्षिक वर्गणी लादू नये. २०१८ पासून फियाट क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये सुरक्षा गेटवे (परवानगीशिवाय बाहेरच्या यंत्राच्या आज्ञा अडवणारे युनिट) आला, नंतर इतरांनीही आणले. गेटवे असायला आमची हरकत नाही. पण तुमचा सर्व्हर बंद असेल, गाडी नेटवर्क नसलेल्या ठिकाणी उभी असेल, किंवा पंधरा वर्षांनी तुम्ही त्या मॉडेलचा सर्व्हरच बंद केलात, तर काय? काही दिवस वैध राहील असा, त्या एकाच गाडीपुरता डिजिटल सही केलेला परवाना आधी उतरवून घेता यावा. आणि मॉडेलची सेवा थांबवताना त्याचे चावीविषयक कोड मालकांच्या नावावर देऊन टाकावेत.

एक गोष्ट करायला तर सर्व्हरही लागत नाही. गाडीच्या पडद्यावर ‘या गाडीला माहीत असलेल्या चाव्या : ३’ असे दिसू द्या. जुनी गाडी घेणाऱ्याला हातात दोन मिळतात, तिसरी कोणाकडे आहे ते त्याला कधीच कळत नाही. आम्ही स्कॅनर लावून आकडा वाचतो आणि दाखवतो तेव्हा लोक चमकतात. शेवटची चावी कधी जोडली गेली ती तारीखही दिसावी, आणि नवी जोडली जाताच मालकाच्या नोंदलेल्या फोनवर सूचना जावी. ओबीडीतून चोरून चावी जोडणाऱ्याला याचा जितका अडथळा होईल, तितका कोड लपवून होत नाही. फोनमधल्या डिजिटल चाव्यांबाबत तर हे फारच निकडीचे आहे. गाडी विकली गेली आणि आधीच्या मालकाचे खाते तसेच राहिले, तर त्याचा फोन गाडी उघडत राहतो. विक्रीनंतर नव्या मालकाने दोन अस्सल चाव्या आत ठेवून ‘सगळे फोन काढा’ असे म्हणताच ते निघायला हवेत.

हरवलेली चावी रद्द करतानाचा एक बारकावा तुमच्या पुस्तिकांमध्ये क्वचितच असतो. अनेक प्रणालींत एक चावी वेगळी काढता येत नाही. सगळ्या पुसून उरलेल्या पुन्हा शिकवाव्या लागतात. त्यासाठी घरातली प्रत्येक चावी समोर हवी. एक कपाटात राहिली तर तीही बाद होते. शिवाय इमोबिलायझरमधून चावी निघाली तरी तिचे पाते दार उघडतेच. चावी चोरीला गेली असेल तर दाराच्या कुलपाच्या पत्र्यांची रचनाही बदलायला हवी.

आता वाया जाणाऱ्या चाव्यांविषयी. तुमच्या बहुसंख्य स्मार्ट चाव्या एकदा एका गाडीला शिकवल्या की चिपवर कायमचे कुलूप बसते. गाडी भंगारात गेली तरी तिची निरोगी चावी दुसऱ्या गाडीला चालत नाही. पाटी चांगली, स्विच चांगले, केसिंग चांगले, तरी कचरा. बाजारात अशी चिप पुन्हा कोरी करणारी यंत्रे मिळतात, म्हणजे हे कुलूप चोराला थांबवत नाहीच. ज्या गाडीला चावी शिकवली त्याच गाडीतून, मालकाच्या परवानगीने, ती मुक्त करण्याची आज्ञा द्या. गाडी ‘ही चावी मी सोडली’ असे सही करून सांगेल, चावी कोरी होईल आणि तिचा मागचा क्रमांक यादीत नोंदलेला राहील. चोरीची असल्यास तीही त्यात सापडेल.

आमच्या बाजूने काय असायला हवे तेही लिहितो, म्हणजे मागणी एकतर्फी वाटायला नको. काम घेण्याआधी नोंदणीचे कागद, ओळखपत्र आणि चासी क्रमांक जुळवायचे. जुळले नाहीत तर काम घ्यायचे नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो. सुरुवातीला दोषांची नोंद आणि चाव्यांची संख्या वाचून लिहून ठेवायची. ब्लँक (कोरी नवी चावी) घेताना बटने आणि आकार पाहून भागत नाही. चिपचा प्रकार, फ्रिक्वेन्सी आणि पाटीचा क्रमांक तिन्ही जुळले पाहिजेत. एकाच केसिंगमध्ये ३१५ आणि ४३३.९२ मेगाहर्ट्झचे रिमोट सर्रास विकले जातात. काम झाल्यावर प्रत्येक चावीने इंजिन सुरू करून पाहायचे, प्रत्येक बटन, प्रत्येक दाराचे हँडल, डिकी, आणि सेल बाहेर काढूनही गाडी सुरू होते का ते. आपत्कालीन पाते दाराच्या कुलपात खरोखर फिरवायचे, कारण ते कापायचे राहून गेले असेल तर मालकाला ते नेमके अडचणीच्या वेळी कळते. शेवटी चाव्यांची संख्या पुन्हा वाचून मालकाला दाखवायची, आणि वाचलेला पिन कोड त्याला देऊन आपल्या संगणकातून पुसायचा. आमच्या व्यवसायात यातले काहीही न पाळणारे आहेत. त्यांची नोंदणी रद्द व्हावी अशीच आमची इच्छा आहे, आणि त्यासाठी आधी नोंदणी असावी लागते.

या सगळ्यांतून तीन गोष्टींना नवे तंत्र लागत नाही : प्रत्येक नव्या गाडीबरोबर चावीचा क्रमांक आणि पिन यांचा मोहोरबंद लिफाफा, पडद्यावर चाव्यांची संख्या, आणि दोन चालू चाव्यांवरून तिसरी जोडण्याची सोय. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीने सध्याच्या अनेक गाड्यांतही देता येतील. त्या कोणत्या मॉडेलांत शक्य आहेत आणि कोणत्यांत नाहीत, याची यादी तुम्ही प्रसिद्ध करावी. जिथे शक्य नाही तिथे कोणते युनिट आड येते तेही लिहावे. त्यावर तांत्रिक चर्चेला आम्ही तुमच्या अभियंत्यांबरोबर बसायला तयार आहोत.

कळावे,

आपले,
मोटारींच्या चाव्या आणि रिमोट बनवणारे, दुरुस्त करणारे व प्रोग्राम करणारे तंत्रज्ञ